पिंपातला मोह

आंधळगाव, १८ मार्च १९७४

दादा,

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या मनकर्णाबाईंनी शाळेतून येताना ते पदराखाली आणलं आणि गोठ्यामागे माझ्या हातात दिलं. निळ्या लिफाफ्यावरचं तुझं अक्षर पाहून आधी वाटलं, एखादं जुनंच पत्र इतक्या वर्षांनी टपालात सापडलं असेल. तू गेलास तेव्हा मी फ्रॉक घालत होते. आता मॅट्रिक होऊन घरी बसले आहे आणि मला स्थळं येऊन राहिली आहेत.

पुढेही मनकर्णाबाईंच्याच पत्त्यावर लिही. घरचं टपाल बाबा स्वतः घेतात.

तू विचारलंस, बाबांचा राग गेला का. खरं सांगू का? तो राग आहे की काय आहे तेच मला कळत नाही. स्कॉटलंडात व्हिस्कीच्या कारखान्यात नोकरी लागली असं तू लिहिलं होतंस, ते पत्र त्यांनी दारात उभ्या उभ्या वाचलं. घडी करून खिशात घातलं आणि मायला म्हणाले, "या घरातून आता विलायतेले टपाल जाणार नाही." एवढंच. त्यानंतर तुझं नाव त्यांनी घेतलं नाही आणि आम्हीही त्यांच्यासमोर घेतलं नाही.

तू केमिस्ट्री शिकलास त्याचा त्यांना केवढा अभिमान होता! औषधं करशील, खतं करशील, असं सगळ्यांना सांगायचे. आणि तू दारू करायला लागलास. बाबा कोणाचा मुलगा आणि कोणाचा भाऊ, हे तुला ठाऊक नव्हतं का? आजोबांचा मध्यप्रांताच्या वेळचा भट्टीचा ठेका, त्याच दारूत बाबांचे थोरले भाऊ, आपले मोठे बाबा, गेले ते, आणि मग आपल्या बाबांनी तांब्याचा हंडा चावडीसमोर आणून घणानं फोडला ते. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी म्हाताऱ्या बाया अजून मला "हंडा फोडणाऱ्या धनीरामची पोरगी" म्हणूनच ओळखतात.

बाजाराच्या दिवशी बाबा अजूनही देशी दारूच्या दुकानासमोर उभे राहतात. भाषण नाही, भांडण नाही. आत जाणाऱ्याला फक्त नावानं हाक मारतात. "सुखराम." "गोमाजी." बस्स. काही परत फिरतात, काही मान खाली घालून आत जातात.

सध्या मोहफुलं पडून राहिली आहेत. माय आणि मी पहाटे टोपल्या घेऊन जातो. झाडाखालचा पाचोळा तुझ्यासारखा कोणी नीट झाडत नाही. तू आधी सगळा झाडायचास, मग जमिनीवर पाणी शिंपडायचास आणि म्हणायचास, "आता पडा." आणि फुलं खरंच पडायची, टप टप. मला वाटायचं, तुझंच ऐकतात.

मायनं आशीर्वाद सांगितले आहेत. तिला विचारलं, दादाला काय लिहू? म्हणाली, "जेवते का विचार." तर जेवतोस का?

तुझी
सुमी


भंडारा, २२ मे १९७७

दादा,

लग्नाला तू आला नाहीस याचं आता काही वाटत नाही. पाठवलेली लोकरीची शाल मिळाली. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात ती अंगावर घेतली म्हणून सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

माझं घर बरं आहे. यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, मोठ्या भावाबरोबर. बाबूलाल नाव. तू नाव विचारलं होतंस आणि मी मागच्या पत्रात लाजून लिहिलंच नाही. दिवसभर मागच्या गल्लीतून ठोक्यांचा आवाज येतो. पहिल्या महिन्यात डोकं उठायचं, आता सणाला आवाज बंद झाला की चुकल्यासारखं होतं. हे गातात चांगलं. गिऱ्हाईक नसलं की पालथ्या घागरीवर ठेका धरून गातात आणि मग गिऱ्हाईक येतं.

तुझं पिंपांचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. मला पहिल्यांदा समजलं नाही. एका पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली व्हिस्की शेवटी काढून दुसऱ्या पिंपात कशाला भरायची? आणि तेही ज्यात आधी स्पेनची गोड द्राक्षाची दारू होती अशा? मग मला मायची बरणी आठवली. आंब्याचं लोणचं संपलं की त्याच बरणीत माय खडेमीठ भरून ठेवायची. आणि आपण दोघं ते मीठ चोरून चाटायचो. मीठच ते, पण त्यात आंबा असायचा, मोहरी असायची, आदला उन्हाळा असायचा. तेच ना रे? लाकूड विसरत नाही, असं तू लिहिलंस. आपली बरणीही विसरत नव्हती.

आता तुझ्या मागणीबद्दल. तुझ्या कारखान्याच्या म्हाताऱ्या साहेबानं एक लहानसं पिंप तुला खेळायला दिलं, त्यात तुला आधी मोहाची भरून मुरवायची आणि मग तुमची व्हिस्की त्यात ठेवायची, म्हणून फुलं पाठव, असं तू लिहिलंस. ते वाचून मी हसले, मग मला भीती वाटली, आणि मग मी मायला निरोप पाठवला.

मायनं यंदा दुप्पट फुलं वेचली. अंगणात वाळत घातली, तेव्हा बाबा म्हणाले, "इतके फुलं कायले व?"

माय म्हणाली, "सुमीच्या घरच्या ढोरायले."

"पितळेच्या दुकानात ढोरं?" बाबा म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर निघून गेले.

दोन डबे झाले. कापडात शिवून, लाख लावून जहाजाच्या टपालानं पाठवले आहेत. पोस्टातल्या बाबूनं विचारलं, आत काय? मी म्हटलं, वाळलेली फुलं. तो म्हणाला, देवाची? मी हो म्हटलं.

मोहाची पहिल्या धारेची कशी काढतात ते तुला तिथे कोण सांगणार? पुस्तकात असेल का? आपल्या घरात ते जाणणारा एकही माणूस उरला नाही.

सुमी


भंडारा, दिवाळीचा पाडवा, १९७९

दादा,

पत्र लहान आहे, राग मानू नको. मुलगी आता चालते. तिचं नाव वेणू ठेवलं, तुला कळवलं होतं की नाही आठवत नाही.

मोहाचं पिंप आता रिकामं केलंस आणि त्यात तुमची व्हिस्की भरलीस, हे वाचलं. गोदामातला तुझा फोटोही मिळाला. केस पांढरे व्हायला लागले रे तुझे. फोटोत तुझ्या हातात पेला आहे. फोटो मी फाडला नाही, पण फडताळात पालथा ठेवला आहे.

पेला हातात असलेला फोटो पुन्हा पाठवू नको.

हे बरे आहेत. दुकान सध्या मोठे भाऊ पाहतात. यांची तब्येत अधूनमधून ठीक नसते. हवापालटानं बरं वाटेल असं सगळे म्हणतात.

बाबा दिवाळीसाठी मला न्यायला आले होते. मी गेले नाही. घरी कामं होती.

सुमी


आंधळगाव, ९ जुलै १९८१

दादा,

दोन वर्षं मी तुला खोटं लिहिलं. "बरे आहेत" म्हणजे पीत होते. "तब्येत ठीक नाही" म्हणजे बाजारातून उचलून आणत होते. कधी सुरू झालं ते मलाही नीट कळलं नाही. आधी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहानं, मग सणाला, मग सण नसताना. गाणं बंद झालं तेव्हा मला कळायला हवं होतं. मोठ्या भावानं दुकानातून काढलं. त्याच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं.

त्या काळात तुझी पत्रं यायची. रंग कसा आला, वास कसा उघडला, जिभेवर आधी काय येतं आणि नंतर काय राहतं. दादा, ते वाचताना माझ्या घरात शेजारच्या खोलीत माणूस उलट्या करत असायचा. तूच सांग, मी काय लिहिणार होते?

वेणूला घेऊन मी गेल्या वर्षी इथे आले. मला वाटलं होतं, बाबा म्हणतील, मी सांगत नव्हतो का. त्यांनी वेणूला खांद्यावर घेतलं आणि धानाच्या बांधावर फिरवून आणलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं भंडाऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. माय घाबरली. मी शोधायला गेले, तर काय पाहते! बाबा यांच्या खोलीत चटई टाकून राहिलेले. हे थरथर कापत होते आणि बाबा त्यांना पेज पाजत होते. मला पाहून म्हणाले, "तू जाय. अजून आठेक दिवस पायजे." शिव्या खाल्ल्या, अंगावर ओकून घेतलं, पण हलले नाहीत. तसेच त्यांना घेऊन इकडे आले.

आता हे इथेच आहेत. सायकलीला भांडी बांधून आठवडी बाजार करतात. बाजार उठला की बाबा वाटेवर उभे असतात, देशी दुकानाच्या अलीकडे. दोघं चालत घरी येतात. वर्ष झालं, यांनी घोटही घेतला नाही. पण मी रोज संध्याकाळी यांच्या तोंडाजवळ जाऊन "भूक लागली का" विचारते. यांनाही ठाऊक आहे मी काय करते. बिचारे तोंड पुढे करतात.

म्हणून सांगते, तुझ्या पिंपाबद्दल आता मला लिहू नको. तुझं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला ऐकवत नाही.

तुझ्याबद्दल लिही. बर्फ पडला का, एकटा राहतोस का, ते लिही. नाही लिहावंसं वाटलं तर तेही समजेन.

सुमित्रा


आंधळगाव, ३ नोव्हेंबर १९८४

दादा,

तीन वर्षं तुझं पत्र नव्हतं. मीच तसं मागितलं होतं म्हणून तुला दोष देत नाही. पण दर मार्चात मोहफुलं वेचताना मी मायला म्हणायचे, यंदा तो लिहील.

दसऱ्यानंतर तिकडून परतलेले, तुझ्या ओळखीचे नागपूरचे डॉक्टर आले. मनकर्णाबाईंकडे खोका ठेवून, चहासुद्धा न घेता गेले. वर तुझी चिठ्ठी: "ही बाबांच्या हातात द्यावी. मोहाच्या पिंपातून निघाली ती एवढीच. त्यांनी फोडली तरी चालेल. घरात येऊ नये असं सुमीला वाटलं तर डॉक्टरांना परत द्यावी, मी समजेन."

समजशील म्हणे! मी आठवडाभर समजत होते. मनकर्णाबाईंच्या धान्याच्या कोठीमागे तो खोका, आणि मी रोज तिथे जाऊन फक्त बघून यायचे. घरात माझा नवरा, ज्यानं मोठ्या कष्टानं ती सोडलेली. घरात बाप, ज्यानं ती आयुष्यभर सोडवली. आणि तिकडून भाऊ तीच पाठवतो. परत द्यावी असं ठरवलं, दोनदा ठरवलं. पण "एवढीच" हा शब्द मला सोडवेना.

शेवटी यांनाच सांगितलं. सायकलीवर घागरी बांधत होते. सगळं ऐकलं. दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

म्हणाले, "मी घरी आहो म्हणून त्यायच्या पोराचं आलेलं अडवशील का?"

"तुम्हाले काही झालं तर?"

"होईल तं बाबाजी आहेत ना. आणि मी घरी राहतच नाही. आज मोहाडीच्या बाजाराले जातो. तोवर जे करायचं ते करा. पण मले मागून सांगजा. लपवू नका." आणि जाताना वळून म्हणाले, "मले लपवलेलंच लवकर सापडते."

दुपारी मी खोका घरी आणला. बाबा ओसरीवर सूत कातत होते. माय तांदूळ निवडत होती. मी खोका बाबांसमोर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. दादाचा आहे, पत्रं येत होती, मनकर्णाबाईंच्या पत्त्यावर येत होती, मीही लिहीत होते.

बाबांनी चरखा थांबवला नाही. म्हणाले, "ठाऊक आहे."

माय म्हणाली, "कोणी सांगतलं?"

"विलायतचं टिकट दर महिन्याले मनकर्णाबाईच्या घरी येत होतं. तिचं कोण आहे तिकडे? सारं गाव पाहते, मी का आंधळा आहो?" मग म्हणाले, "आणि भंडाऱ्याची ती ढोरं."

माय तोंडाला पदर लावून हसली. मला रडू आलं.

बाबांनी खोका उघडला. बाटली साधीच होती. वर छापील कागद नाही, तुझ्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली. ती त्यांनी उन्हात धरली. रंग आपल्या कोशाच्या रेशमी साडीसारखा, न रंगवलेल्या. मला वाटलं, आता फोडतील. माय हातातलं सूप खाली ठेवून उठून उभी राहिली.

त्यांनी बूच काढलं. डाव्या तळव्यावर एक थेंब घेतला. उजवा तळवा त्यावर घासला. खूप भराभर घासला, मग दोन्ही हातांची ओंजळ करून नाक त्यात खुपसलं आणि डोळे मिटले. दादा, ते इतक्या सराईतपणे केलं की मी नि माय एकमेकींकडे पाहत राहिलो. टोपी, खादी, चरखा, आणि ती ओंजळ. त्या हातांचा तसा वापर मी कधी पाहिला नव्हता.

मग म्हणाले, "पुढून धान्य आहे. भाजलेलं. मग लाकूड. मोह मागं आहे." पुन्हा वास घेतला. "दाराआड कोणी उभं असते, आत यावं का नाही अशा विचारात, तसा."

माय म्हणाली, "तुम्हाले हे कसं समजते?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिलाही ठाऊक नव्हतं. बाबा लहान असताना भट्टीवर धार तेच ओळखायचे. आजोबांना आणि मोठ्या बाबांना जे कळत नव्हतं ते बाबांना नुसत्या वासावर कळायचं. धार कधी चांगली लागली, कधी बिघडली, फुलं कोणत्या बाजूच्या जंगलाची आहेत. आजोबा कौतुकानं पाहुण्यांसमोर उभं करायचे. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच झाला होता, कोणीतरी कमी वयाचं बोलत असल्यासारखा.

"माझ्या मोठ्या भावाले दारूनं नेलं," ते मायला म्हणाले. "हाडं उरली होती त्याची. त्याले जाळून आलो, आणि घरी आल्यावर भट्टीकडून वास आला. अन् मले तो वास चांगलाच वाटला, चंद्रभागा. भाऊ मेला त्या दिवशी. मंग मी हंडा फोडला. लोकं समजतात मले दारूचा राग होता. मले ते इतकं आवडे, म्हणून फोडला."

माय त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मी विचारलं, "आणि दादावरचा राग?"

"राग कायचा? भेव वाटलं. पोराले माझं नाक लागलं असंल तं पोरगं जाते, असं भेव. त्याचं पत्र आलं तेव्हा मले मोठा भाऊच दिसला डोळ्यासमोर. त्याले हो म्हणू शकलो नाही, अन् ये म्हणायची तोंडाले लाज वाटली."

यानंतर मायनं जे केलं ते तुला खोटं वाटेल. ती उठली, आतून चमचा घेऊन आली आणि म्हणाली, "मले द्या. माझ्या पोरानं केलं ते मी चाखून पाहीन. बाळंतपणात देत होते तं कोणी मेलं नाही." बाबांनी चमचाभर तिला दिली. स्वतःच्या हातानं, दादा! तिनं औषधासारखी घेतली, तोंड वाकडं केलं, डोळ्यांतून पाणी आलं. मग वाट पाहत बसली. मग म्हणाली, "हो. आहे. आता आला." आणि काही वेळानं, कोणालाच नाही अशी, "जेवते बरोबर. असं करणारं पोरगं उपाशी राहत नाही."

मग मी घेतली. तुझ्या त्या पत्रांसारखं मला लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करते. आधी नुसती आग. कान गरम झाले. मग जळक्या गुळासारखं काहीतरी, काकवी कढईला लागते ना, तसं. मग ओल्या लाकडाची चव, पावसात भिजलेलं दार चाटावं तशी. मला वाटलं, संपलं. गिळून झाली होती. आणि मग, मी बोलायला तोंड उघडलं आणि श्वास आत घेतला, तर घशाच्या तळाशी आपलं अंगण. भर दुपार, वाळत घातलेली फुलं, त्यावर माश्या, आणि तू खाटेवर उताणा पडून पुस्तक वाचतोस. इतकं स्पष्ट की मी मागे वळून पाहिलं.

मला ती आवडली. आवडली याचा रागही आला. या एका गोष्टीनं माझं घर जवळजवळ नेलं होतं, आणि हीच गोष्ट तुला इतक्या लांबून माझ्या तोंडात आणून बसवते. या दोन्हीचं काय करायचं ते मला कळत नाही. तुझ्या कामाबद्दल ऐकवत नाही असं मी लिहिलं होतं. आता ऐकवेल. थोडं थोडं लिही.

बाबांनी चाखली नाही. बूच लावलं आणि बाटली मांडीवर घेऊन यांची वाट पाहत बसले. पुढचं मी लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे. म्हणाले, "ते मी लिहीन." आज सकाळपासून ओसरीवर कागद घेऊन बसले आहेत. त्यांचं पत्र यातच घालते.

सुमी


आंधळगाव, ३ नोव्हेंबर १९८४

जागेश्वर,

आशीर्वाद. हात कापतो, तेव्हा अक्षर लावून वाचणे.

तू पाठविलेली बाटली पोचली. तुझ्या आईने व सुमित्राने चाखली. मी वास घेतला. काम चांगले आहे. मी हे दुसऱ्या कोणास म्हटले नसते, कारण मला यातले कळते हे मी कोणास कळू दिले नव्हते. तुला म्हणतो. धार तू योग्य वेळी तोडलीस. आमच्या वडिलांनाही ते दर वेळी साधत नसे.

बाटली मी ओतून टाकली. जावई संध्याकाळी बाजाराहून आले, त्यांना समोर बसविले आणि त्यांच्यादेखत नालीत ओतली. ते म्हणाले, बाबाजी, राहू द्या, माझ्यासाठी कशाला. मी म्हटले, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. ती चांगली नसती तर ओतायचे कारण नव्हते, कोनाड्यात पडून राहिली असती. ती या घरात राहिली असती तर मी एक दिवस चाखली असती. एकदा चाखली असती तर त्या माणसांना नावाने हाक मारायला माझे तोंड राहिले नसते. ओतताना जावयांनी माझा हात धरला होता.

तुला वाईट वाटेल. सात वर्षांचे काम होते. वाटू दे. पण बापाने टाकले असे समजू नकोस. मला ते टाकणे फार जड गेले, एवढे तुला कळावे म्हणून हा कागद.

आता दुसरे. तू पिंप बदलतोस ती वेळ कशी ओळखतोस? सुमित्रा म्हणते, तुमच्याकडे यंत्रे आहेत. यंत्र सांगते की नाक? आम्ही हातावर घासून पाहत होतो. तुम्ही काय करता? आणि मोह मागे का राहिला? पिंपात कमी दिवस ठेवलास की व्हिस्कीच जोरकस होती? मला वाटते दिवस कमी पडले. हे मला कागदावर समजणार नाही. समोर बसून सांगावे लागेल.

माझे आता वय झाले. तेव्हा लवकर ये. येताना काही आणू नकोस, आईसाठी एखादे गरम कापड आण हवे तर. नागपूरहून भंडाऱ्याची गाडी दिवसभर असते. तिथून आंधळगावची एसटी दुपारी सुटते, पण तिचा भरवसा नाही. म्हणून पत्र टाकून ये. बाबूलाल स्टँडवर येतील. तू त्यांना पाहिले नाहीस. उंच आहेत, सायकलीला घागरी बांधलेल्या असतात, आणि हल्ली पुन्हा गातात. गाण्यावरून ओळखशील.

तुझा बाप
धनीराम